सामाईक भिंत, सामाईक हवा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे झरी जामणी तालुका वसला आहे. नदी ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणारा हा मुलूख. येथील बाजारात मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगूही कानावर पडते. या तालुक्यातील एका बाजारगावात, रस्त्याला लागून असलेल्या घरांच्या ओळीत, एका जैन कुटुंबाचे किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. एका बाजूची भिंत ऑनलाइन सेवा केंद्राशी सामाईक, दुसऱ्या बाजूची चहा-नाश्त्याच्या हॉटेलाशी. भिंती सामाईक असल्या की काय काय वाटून घ्यावे लागते, हे या घरांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे: पन्हळीचे पाणी, चुलीचा धूर, एकमेकांच्या घरातील बोलण्याचे आवाज. त्यात आणखी एका वस्तूची भर पडली आहे, हे मात्र गेल्या जुलैपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

जुलैचा अखेरचा आठवडा होता. चातुर्मास सुरू झालेला. गावात स्थानक नाही आणि साधू-साध्वींचे वास्तव्य दूरच्या शहरात, त्यामुळे घरातील दादी रोज रात्री आठ वाजता मोबाइलवरील स्वाध्याय वर्गाला बसत. वणी, पांढरकवडा, यवतमाळ येथील दहा-बारा श्राविका पडद्यावर एकत्र येत. त्याच वेळी नातू सी. ए. फाउंडेशनच्या सराव परीक्षा देत असे. सप्टेंबरमध्ये त्याची खरी परीक्षा होती. आणि त्याच वेळी नेट अडखळे. दादींच्या पडद्यावरील चेहरे थिजत, नातवाच्या प्रश्नपत्रिकेतील घड्याळ पुढे सरके, पण पुढचे पान उघडत नसे.

आजोबांचा निवाडा ठरलेला होता: कंपनी पैसे पुरते घेते आणि वेग अर्धा देते. तक्रार गेली, माणूस आला, त्याने तपासले, सर्व ठीक असल्याचे सांगून तो निघून गेला. मग आजोबांचा दुसरा निवाडा झाला. चार अँटेनांचे मोठे राउटर आणावयाचे, खर्च होऊ दे.

सूनबाईंनी मात्र खर्चाच्या आधी नोंद ठेवली. दुकानाच्या वहीच्या मागील पानावर त्यांनी सात दिवस नेट कधी अडले आणि कधी सुरळीत चालले, ते वेळेसह लिहिले. सकाळी सहा ते नऊ कधीच अडचण नाही. दुपारी क्वचित. रात्री साडेसात ते दहा रोज. आणि एक विचित्र गोष्ट: वीज जाऊन परत आली की त्या रात्री हाल अधिकच वाईट. मग नातवाने लॅपटॉप राउटरला तारेने जोडून पाहिला. भर रात्री नऊ वाजताही तारेतून वेग पूर्ण मिळाला. म्हणजे दोष बाहेरून घरात येणाऱ्या जोडणीत नव्हता. तो राउटर आणि मोबाइल यांच्यामधील पंधरा-वीस फूट हवेत होता. ही तारेची परीक्षा कोणीही पाच मिनिटांत करू शकतो आणि तक्रार नोंदविण्यापूर्वी ती करणे न्याय्य आहे. तारेनेही वेग मंदच असेल, तर मात्र पुढील सर्व उपाय व्यर्थ समजावेत आणि कंपनीलाच बोलवावे.

हवेत दोष कसा असेल, हा प्रश्न स्वाभाविक आहे. घरगुती वायफाय मुख्यतः २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलते, म्हणजे २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ. भारत सरकारने जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने हा पट्टा परवान्याच्या अटीतून मुक्त केला. आकाशवाणीला किंवा मोबाइल कंपनीला आपापली ठरलेली लहर मिळते आणि तिच्यावर अन्य कोणी अतिक्रमण करू शकत नाही. येथे तसे नाही. शक्तीची मर्यादा पाळून कोणीही हा पट्टा वापरावा, मात्र कोणाचाही त्यावर एकाधिकार नाही, इतरांना उपद्रव देण्याची मुभा नाही आणि इतरांमुळे अडथळा आला तर संरक्षण मागण्याचा हक्कही नाही, असा त्या नियमांचा आशय आहे. एका अर्थाने हे गावचे गायरान आहे. राउटर, ब्लूटूथ, बिनतारी माउस, सारे तेथेच चरतात. मायक्रोवेव्ह ओव्हनही सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या दारातून निसटणारी थोडीशी लहर शेजारच्या वायफायला पुरेशी त्रासदायक ठरते.

या गायरानाचे तेरा भाग पाडलेले आहेत. त्यांनाच चॅनल म्हणतात. पहिल्याचा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, पुढचा प्रत्येक मध्य पाच मेगाहर्ट्झने पुढे, तेरावा २४७२ वर. येथेच सामान्य माणसाची फसगत होते. तेरा चॅनल म्हणजे तेरा स्वतंत्र जागा, असे त्याला वाटते. परंतु एका राउटरला बोलण्यासाठी किमान वीस मेगाहर्ट्झ रुंदी लागते. एखाद्या बँकेच्या दालनात तेरा खिडक्यांवर क्रमांक रंगविले, पण एकेका रोखपालाच्या टेबलाला चार खिडक्यांची जागा लागू लागली, तर प्रत्यक्षात किती रोखपाल बसतील? तिघे. चॅनलांच्या बाबतीत ते तीन क्रमांक म्हणजे १, ६ आणि ११. त्यांच्या मध्यांत पंचवीस मेगाहर्ट्झचे अंतर राहते आणि एकाचे टेबल दुसऱ्याच्या अंगणात येत नाही. १, ५, ९ आणि १३ अशी चौघांची मांडणीही कागदावर बसते. परंतु अमेरिकेत अकरापर्यंतच चॅनल प्रचलित आहेत आणि त्या बाजारासाठी घडविलेली काही उपकरणे तेरावा चॅनल पाहूच शकत नाहीत. घरी जुना मोबाइल किंवा परदेशातून आणलेली वस्तू असेल, तर तेराच्या वाटेला न जाणे बरे.

आता खरा मुद्दा. एकाच चॅनलवर दोन शेजारी असले तर काय होते? वायफायची उपकरणे बोलण्यापूर्वी ऐकतात. हवेत कोणी बोलत असेल तर थांबतात, शांतता झाली की आणखी थोडा वेळ, तोही जाणूनबुजून कमी-अधिक ठेवलेला, जाऊ देतात, आणि मग आपले म्हणणे मांडतात. मुनींच्या आचारातील भाषासमितीची आठवण व्हावी अशी ही व्यवस्था आहे. फरक इतकाच की यंत्राला ती व्रत म्हणून नव्हे, सक्ती म्हणून पाळावी लागते. त्यामुळे एकाच चॅनलवरील दोन राउटर एका रांगेत उभे राहतात. वेग वाटला जातो, पण रांग शिस्तीने पुढे सरकते.

याउलट एक राउटर १ वर आणि दुसरा ३ वर असेल, तर दोघांचे पट्टे अर्धवट एकमेकांवर चढतात. अशा वेळी समोरच्याचे बोलणे हे बोलणे आहे, इतकेही ओळखू येत नाही. तो निव्वळ गोंगाट ठरतो. कोणी थांबत नाही, निरोप बिघडतात, पुन्हा पाठवावे लागतात, आणि त्या पुनरुक्तीने हवा आणखी भरते. म्हणून गर्दीपासून दूर जावे या समजुतीने कोणी मधला रिकामा दिसणारा चॅनल, २, ३, ४ किंवा ८, ९, निवडतो, तेव्हा तो स्वतःची आणि दोन्ही शेजाऱ्यांचीही हानी करतो. शेजाऱ्याच्याच चॅनलवर जाऊन रांगेत उभे राहणे हे भिंतीला कान लावून गोंगाट ऐकण्यापेक्षा बरे, ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते, पण ती खरी आहे.

नातवाने मोबाइलवर वायफाय ॲनालायझर नावाचे एक ॲप घेतले. ते आसपासच्या प्रत्येक राउटरचे नाव, चॅनल आणि त्याच्या आवाजाची पातळी दाखवते. पातळी ऋण अंकांत असते: उणे ४० म्हणजे जवळचा खणखणीत आवाज, उणे ८५ म्हणजे दूरची कुजबुज. दर दहा अंकांना शक्ती दहापटीने बदलते, हे ध्यानात ठेवले की आकडे वाचता येतात. त्या रात्री चित्र असे दिसले. हॉटेलाचे राउटर ६ वर. सेवा केंद्राचे १ वर, पण वीसऐवजी चाळीस मेगाहर्ट्झ रुंद, म्हणजे सहाच्या जागेत शिरलेले. आणि स्वतःच्या घराचे राउटर? ते ३ वर, दोघांच्याही मधोमध, दोन्हीकडून गोंगाट खात आणि दोन्हीकडे गोंगाट देत. ज्या शेजाऱ्यांविषयी घरात कुरकुर सुरू झाली होती, त्यांचीही नेटविषयी तीच कुरकुर असणार, आणि तिचे एक कारण हे घर होते.

विजेचे कोडेही येथेच सुटले. राउटरमध्ये चॅनल आपोआप निवडण्याची सोय असते आणि बहुधा तीच चालू ठेवलेली असते. परंतु पुष्कळ साधी राउटर ही निवड चालू होताना एकदाच करतात आणि मग तेथेच ठाण मांडतात. शहरात हे चालून जाते. जेथे वीज वारंवार जाते, तेथे ती परत येताच साऱ्या ओळीतील राउटर एकाच क्षणी डोळे उघडतात, प्रत्येकाला मैदान रिकामे दिसते, आणि कोण कोठे जाऊन बसेल याचा नेम राहत नाही. अशा गावात चॅनल हाताने निवडून पक्का करणे अधिक शहाणपणाचे.

आजोबांनी हे सर्व ऐकून घेतले आणि व्यापाऱ्याला साजेसा प्रश्न केला. “आपणही चाळीस रुंद करून घेतले तर? तोही घेतोच आहे.”

प्रश्न खोटा नव्हता. रुंदी दुप्पट केली की वेग जवळपास दुप्पट होऊ शकतो, मात्र हवा मोकळी असेल तरच. एकूण पट्टाच साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचा. त्यात दोघांनी चाळीस-चाळीस घेतले की तिसऱ्याला जागा उरत नाही आणि त्या दोघांचेही पट्टे हॉटेलाच्या सहावर चढतात. नियम त्याला आडवा येत नाही. अपरिग्रहाची चर्चा दादींच्या वर्गात रोज होई, पण श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात घर, शेत, सोने, धान्य यांची मर्यादा मोजण्याची सवय असते. मेगाहर्ट्झ मोजण्याची वेळ कोणावर आली नव्हती. दादी एवढेच म्हणाल्या, “त्याच्या दुकानात रात्री कोण बसलेले असते ते आधी पाहून या.”

नातू पाहून आला. सेवा केंद्रात रात्री साडेनऊ वाजता नऊ-दहा शेतकरी बसले होते. पीकविम्याची मुदत संपत आली होती. दिवसा संकेतस्थळ दाटलेले असते, म्हणून रात्रीची वेळ. सातबारा, पेरणीचे स्वयंघोषणापत्र, बँक पासबुकाचे पान, एकेक कागद चढवावयाचा आणि मध्येच नेट तुटले की पहिल्यापासून सुरुवात. कोणी पोडावरून आलेला होता. परतीचे वाहन मिळणार नसल्याने त्याने रात्र बसस्थानकावर काढण्याची तयारी ठेवली होती. ज्याचा अर्ज राहील, त्याचे पीक अतिवृष्टीने गेले तर त्याच्या हाती विम्याच्या नावाने काही येणार नव्हते. एक सराव परीक्षा पुन्हा देता येते, हे नातवाला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा स्वतः सेवा केंद्रात गेले. केंद्रचालक त्यांच्या मुलाच्या वयाचा. “शेठजी, तुम्ही कशाला आलात, बोलावून घ्यायचे,” असे म्हणत त्याने खुर्ची पुढे केली. नातवाने त्याला मोबाइलवरील चित्र दाखविले. केंद्रचालकाला रुंदीविषयी काहीच माहीत नव्हते. राउटर बसविणाऱ्याने जसे दिले तसे चालले होते. दहा मिनिटांत वाटणी ठरली. केंद्र १ वर, रुंदी वीस. हॉटेल ६ वर आहे तेथेच. घर ११ वर.

प्रत्यक्ष कृती अगदी साधी आहे. राउटरच्या पाठीवर किंवा तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. राउटरशी जोडलेल्या मोबाइलच्या वा संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाकावा. चिठ्ठीवरीलच नाव आणि पासवर्ड देऊन आत जावे. तेथे वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन असा विभाग सापडेल. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या खाली चॅनलसमोर ‘ऑटो’ लिहिलेले असेल, त्या जागी ठरलेला अंक निवडावा. जवळच बँडविड्थ किंवा चॅनल विड्थ असते, ती वीसवर ठेवावी. सेव्ह केल्यावर जोडणी अर्धा-एक मिनिट तुटते, त्याने घाबरू नये. आत गेल्यावर इतर गोष्टींना हात लावू नये, विशेषतः इंटरनेट किंवा वॅन नावाच्या पानाला, कारण तेथील एखादा अंक बदलला की कंपनीचा माणूस येईपर्यंत घर अंधारात. आणि आत शिरलोच आहोत तर चिठ्ठीवरील जुना पासवर्ड बदलून वहीत नोंदवून ठेवावा. ज्या दाराची किल्ली दारावरच टांगलेली आहे, त्याला कुलूप म्हणत नाहीत.

घरातील राउटर दोन पट्ट्यांचे होते. हल्ली अनेक असतात. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. तो २०१८ पासून भारतात अधिक मोठ्या प्रमाणावर परवानामुक्त झाला आहे आणि तेथे एकमेकांवर न चढणारे चॅनल पुष्कळ आहेत. ३६, ४०, ४४, ४८ हे सहसा निर्धोक. मधल्या काही चॅनलांवर हवामानाची रडारही काम करीत असल्याने तेथे राउटर आधी मिनिटभर कानोसा घेतो, त्यामुळे उशीर होतो. नातवाचा लॅपटॉप ३६ वर हलविला गेला. मात्र या लहरी आखूड. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ ची त्याच्या निम्म्याहून कमी. भिंत ओलांडताना आखूड लहर अधिक दमते. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतींपलीकडून बिनतारी लहरीने घंटा वाजवून दाखविली, तेव्हा सभेला चमत्कार वाटला होता. आज आपण त्या भिंतीवरच चिडतो.

आणि भिंतीपेक्षाही वाईट म्हणजे लोखंड. राउटर दुकानातील तिजोरीवर ठेवलेले होते. तारा तेथे पोहोचत होत्या आणि जागा सुरक्षित होती, एवढाच विचार. मागे तिजोरीची उंच पाठ, बाजूला तेलाच्या डब्यांची चळत. धातूतून ही लहर पार होत नाही, आपटून परत येते. घराच्या मागील खोल्यांना राउटरने जणू पाठच दाखविली होती. दोनशे रुपयांच्या जादा तारेने ते दुकान आणि घर यांमधील दाराच्या चौकटीवर, माणसाच्या उंचीहून वर, नेण्यात आले. चॅनल बदलल्याने जितका फरक पडला, तितकाच, कदाचित थोडा अधिकच, याने पडला असावा. शेतातील एकट्या घरात, जेथे ॲपमध्ये दुसरे नावच दिसत नाही, तेथे तर चॅनलचा विचार सोडून केवळ जागेचाच करावा.

चार अँटेनांचे राउटर आले नाही. त्याची शक्ती वाढली असती तरी मोबाइलची वाढली नसती. संभाषणात दोन्ही बाजूंना ऐकू जावे लागते.

सर्व काही सुधारले असे मात्र झाले नाही. दादींची खोली सर्वांत मागे, जुन्या मातीच्या दीड हात रुंद भिंतीआड. तेथे आजही आवाज मधूनच तुटतो. वर्गापुरत्या त्या मधल्या घरात येऊन बसतात आणि तेथे सूनबाईंचा स्वयंपाकघरातील आवाज वर्गात ऐकू जातो, अशी वणीच्या एका भगिनींची गोड तक्रार आहे. हॉटेलाच्या माडीवर नवे भाडेकरू आले तेव्हा त्यांचे राउटर ९ वर बसले आणि तीन दिवस घराचा ११ पुन्हा अडखळू लागला. या वेळी चौकशीला सूनबाई गेल्या, वही घेऊन. ते राउटर ६ वर गेले. हॉटेलवाल्याने कुरबूर केली, पण त्याला एक रांग वाटून घेण्याचे आणि दोघांच्या मध्ये उभे राहण्याचे अंतर चहाच्या ग्लासांनी समजावून देण्यात आले.

जुलैच्या अखेरच्या रात्री नऊ वाजता वीज गेली आणि साडेनऊला आली. ओळीतील दिवे लागले, पंखे फिरू लागले, राउटरांचे हिरवे ठिपके एकेक करून उजळले. नातवाने ॲप उघडले: १, ६, ११. भिंतीपलीकडून केंद्रचालकाचा आवाज आला, तो पुढच्या शेतकऱ्याचे नाव पुकारीत होता.